वाकळीचा टाका ब्राँझमध्ये : पहिली तिपाई करायला बसलेल्यांसाठी

माझा पहिला तुकडा पैठणीच्या काठाचा होता. घरात एक विरलेली पैठणी होती, तिचा वीतभर नारळी काठ. त्याचा साचा घेतला, मेण केलं, ओतून आणलं. हातात पडली ती सपाट, जराशी खरबरीत पट्टी. ओतकाम करणाऱ्या मामांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "नारळ कुठंय रे ह्याच्यात? पत्रा हाय की हा."

दीड महिना आणि बऱ्यापैकी पैसे घालून जे कळलं ते इथं फुकट सांगतो. धातूला रंग कळत नाही, उठाव कळतो. पैठणीची नक्षी सगळी रंगाची. बाण्याचे रंगीत धागे एकमेकांत अडकवत ती विणली जाते, त्यामुळं मोर असो की आसावली, सगळं एकाच पातळीवर असतं. रंग काढून घेतला की मोर उडाला.

तेव्हा हा लेख पैठणी ब्राँझमध्ये कशी उतरवावी याचा नाही. आपल्याकडच्या जाड्याभरड्या, शिवलेल्या, सुरकुतलेल्या कापडावरून बसता येईल अशी एक छोटी तिपाई कशी करायची, याचा आहे. ब्राँझचं शिल्पासारखं फर्निचर जगात नवं नाही. पॅरिसच्या पिकासो संग्रहालयासाठी (ते १९८५ साली उघडलं) दिएगो जाकोमेत्तीनं फर्निचर केलं होतं. क्लोद लालान खऱ्या पानांवर विजेच्या साहाय्यानं तांबं चढवायची आणि त्यांतून खुर्च्या, आरसे उभे करायची. आपल्याकडं पानांऐवजी वाकळ, म्हणजे गोधडी, आहे, एवढाच फरक.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो. वितळलेला धातू घरी ओतायच्या फंदात पडू नका. कापड, साचा, मेण आणि शेवटची सफाई ही कामं तुमची. ओतणं फौंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं. रीत थोडक्यात अशी: कापडावरून रबरी साचा, साच्यात मेणाची प्रत, मेणाभोवती मूस; भट्टीत मेण निघून गेलं की त्या पोकळीत धातू.

कापड निवडताना

रात्री खोलीतला दिवा घालवा, कापड जमिनीवर पसरा आणि मोबाइलची बॅटरी जमिनीलगत धरून कापडावर आडवा उजेड टाका. सावली पडली तर ते कापड ब्राँझमध्ये दिसेल, नाही पडली तर नाही दिसणार. त्याच उजेडात एक कृष्णधवल फोटो काढून ठेवा. तो फोटो म्हणजे तुमच्या ओतीव तुकड्याचा जवळजवळ खरा अंदाज.

या परीक्षेत वाकळ सगळ्यांच्या पुढं जाते. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे चार-पाच थर एकावर एक, आणि त्यातून कडेपासून आत आत फिरत गेलेला धावदोरा. दोरा ओढला की दोन ओळींच्या मधलं कापड फुगतं, टाक्याच्या जागी दबतं. नांगरलेल्या रानासारखी तास पडतात. धुवून धुवून कापड आटलं की त्या तासांवर बारीक आडव्या चुण्या येतात. माझ्या आजीच्या वाकळीत एका जागी टाके एकदम दाट झालेत. विचारलं तर म्हणाली, तिथं खालचं कापड जिरलं होतं. ओतल्यावर ती जागा बोटाला सगळ्यात आधी लागते. नवीन वाकळ मात्र घेऊ नका. तिचा टाका अजून बसलेला नसतो, उठाव भोंगळ येतो.

घोंगडीची वीण जाड, म्हणून उठाव चांगला, पण लोकरीची कूस साच्यात अडकते. तिला खळ जास्त लागते. हिमरू (छत्रपती संभाजीनगरचं विणलेल्या नक्षीचं कापड) वरून बघितलं तर पैठणीसारखंच सपाट निघेल, पण ते उलटं करून बघा. नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूनं मोकळे धावतात, आणि तीच बाजू आडव्या उजेडात जिवंत होते. विणकराला हे सांगितलं तर तो हसेल, कारण आयुष्यभर त्यानं ती बाजू आत ठेवलेली असते. बंजारा भरतकामात कवड्या, आरसे, जाड टाके असतात. उठाव भरपूर, पण आरशाच्या जागी धातूत नुसता गुळगुळीत गोल उरतो, हे धरून चाला. तांड्यावरच्या कुणाकडून तुकडा घेतलात तर दाम मोजून घ्या, आणि कशासाठी नेताय ते सांगून घ्या.

जाड्याभरड्या कापडाची मराठवाड्याला लाजही नको. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक वर्णनात पैठणहून भडोचला अकीक जात होता आणि तेरहून मलमलीबरोबर साधं कापडही भरपूर जात होतं, असं आलंय. धाराशिवकडं गेलात तर तेरचं लामतुरे संग्रहालय बघून या. आणि वेरूळला जाल तेव्हा मूर्तींच्या अंगावरचं वस्त्र बघा. बहुतेक ठिकाणी नुसती काठाची रेघ आणि दोन-चार चुण्या, तेवढ्यावर डोळ्याला कापड दिसतं. किती कमी पुरतं हे कळायला ती लेणी पुरेशी आहेत.

आधी एक वडी ओता

थेट तिपाईला हात घालू नका. १० बाय १० सेंमीची, ५ मिमी जाड वडी करा आणि तिच्या चार चौकटीत चार कापडं घ्या. धातू लागतो जेमतेम ४४० ग्रॅम. मी ही पायरी गाळली होती, त्याची किंमत वर सांगितलीच आहे. वडी आली की महिनाभर टेबलावर पडू द्या. येणारा-जाणारा ज्या चौकटीवरून आपोआप बोट फिरवतो, ते तुमचं कापड.

धातूचं नाव नीट सांगा

"ब्राँझ पाहिजे" म्हणून भागत नाही. स्वयंपाकघरातलं कांसं म्हणजे तांबं आणि साधारण २२ टक्के कथील. ते खणखणीत वाजतं आणि पडलं की फुटतं, बसायच्या वस्तूला कामाचं नाही. शिल्पाचं ब्राँझ म्हणजे साधारण ९० भाग तांबं आणि १० भाग कथील, किंवा सिलिकॉन ब्राँझ (यात कथलाऐवजी थोडं सिलिकॉन हे मूलद्रव्य असतं, साच्याच्या रबराशी त्याचा संबंध नाही). बाजारात "गनमेटल" म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ८५-५-५-५ असतं, म्हणजे तांब्याबरोबर कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५ टक्के. ते ओतायला सोपं आणि तिपाईला चालेल, पण घासताना त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका, आणि त्याचं जेवणाचं काही करू नका. बिदरीशी, म्हणजे बीदरच्या काळ्या नक्षीच्या भांड्यांशी, तर याचा संबंधच नाही. बिदरी मुख्यतः जस्ताची, तिचा काळा रंग ब्राँझवर तसा येत नाही.

आकार, वजन, पाय

बैठक गोल, ३६ सेंमी व्यासाची. जाडी ५ मिमी. क्षेत्रफळ साधारण १,०१८ चौ. सेंमी, म्हणजे घनफळ ५०९ घ. सेंमी. ब्राँझ एका घनसेंटिमीटरला ८.८ ग्रॅम भरतं, तेव्हा साडेचार किलो. चुण्यांमुळं पाच धरा. दोन सेंमी जाडीचे, ३० सेंमी लांबीचे तीन भरीव पाय अडीच किलो. एकूण साडेसात. एका हातानं उचलता येईल, पण लाथ लागून सरकणार नाही.

बैठक ताठ व्हावी म्हणून जाडी वाढवायची गरज नाही. आपल्या घरावरचा पत्रा बघा. सपाट असता तर माणूस चढताच वाकला असता, पन्हळीमुळं तो तोलतो. वाकळीची तासं हेच काम करतात. जाडी वाढवाल तर पैसे वाढतील आणि चुण्या मागून भरून जातील. उलट ३ मिमीवरही जाऊ नका. माझी दुसरी बैठक ३ मिमीची होती, धातू दोन बाजूंनी आला आणि मध्ये भेटायच्या आधीच थिजला. वीतभर लांब भेग राहिली. फौंड्रीवाले त्याला कोल्ड शट म्हणतात.

पाय तीनच. शहाबादी फरशी कधी एका पातळीत नसते, चार पायांची वस्तू त्यावर डुगडुगते, तीन पायांची नाही. पण तिपाई कडेवर बसलं की कलंडते, त्याचं गणित बघून घ्या. तीन पाय मध्यापासून १८ सेंमीवर टेकवले तर दोन पावलांना जोडणारी रेघ मध्यापासून अवघ्या ९ सेंमीवर येते. त्या रेघेबाहेर वजन पडलं की उलटली. म्हणून पाय बाहेर फाकवून २४ सेंमीवर टेकवा. रेघ १२ सेंमीवर जाते, माणूस निवांत बसतो.

पायांसाठी मी चऱ्हाट वापरतो. अंबाडीचं किंवा तागाचं, चांगल्या पिळाचं. त्याचा साचा घ्यायचीच गरज नाही. वितळलेल्या मेणात दोन-तीनदा बुडवून सरळ ओढून वाळवायचं. भट्टीत मेणाबरोबर चऱ्हाटही जळून जातं आणि पिळाची पोकळी उरते. मात्र फौंड्रीत हे आधी सांगा. आत राख उरते, ती फुंकून काढली नाही तर धातूत भोकं पडतात. दोर नैसर्गिक आहे का हे टोक जाळून बघा. सुती-तागाचा दोर कागदासारखा वास देत राख होतो, नायलॉनचा मणी होऊन चिकटतो. मणी झाला तर तो दोर विहिरीलाच बरा.

खळ

कापड मऊ असताना साचा घेता येत नाही, साच्याच्या सिलिकॉन रबराच्या वजनानं ते दबतं. म्हणून आधी ताठ करायचं. घोंगडीला देतात तीच चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून टरफल काढा, रात्रभर भिजवा, वाटा, आणि भरपूर पाण्यात शिजवा. पातळ पिठल्यासारखी झाली की उतरवा. वाकळीचा तुकडा (कुठल्याही वाकळीचा नव्हे, घरात विचारून घेतलेल्या) त्यात मुरू द्या, पिळू नका, तळहातानं निथळा. मग लोखंडी घमेल्याला आतून तेल लावून तुकडा आत दाबून बसवा. कडेला कापड जास्त होतं, तिथं आपोआप चुण्या पडतात. त्या बोटानं नीट करायचा मोह होईल, करू नका. पडल्या तशा असू द्या, फक्त जिथं दोन चुण्या एकमेकींवर चढल्यात तिथं सोडवा, कारण तशी खाच साच्यातून सुटत नाही.

उन्हाळ्यात एका दिवसात पापडासारखं वाळतं. पावसाळ्यात चार दिवस लागतात आणि बुरशी धरते. पुस्तक बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, तो उपाय इथंही चालतो. विषारी आहे, घरातली भांडी वापरू नका. वाळल्यावर वरून चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात मारा. चपडा नसेल तर सिलिकॉन धाग्याधाग्यात शिरतं आणि कापड साच्यातून फाटूनच निघतं.

साचा

इथं फार सांगण्यासारखं नाही, डब्यावर लिहिलेलं पाळलं तरी पुरे. सिलिकॉनचा पहिला हात ब्रशनं, पातळ, टाक्यांच्या खोबणीत दाबून. बुडबुडे इथंच राहतात. दोन-तीन जाड हात नंतर. हार्डनर अंदाजे टाकू नका, तोलून टाका. वरून पीओपीचं कवच, नाहीतर रबर लटपटतं आणि बैठक वाकडी येते.

मेण, आणि मराठवाड्याचा उन्हाळा

मधमाशीचं मेण, पॅराफिन आणि थोडी राळ. पातेलं थेट जाळावर ठेवायचं नाही, पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं. मेणानं पेट घेतला तर पाणी मारू नका, झाकण टाका.

पहिला थर ब्रशनं, मग ओतून फिरवून ५ मिमीपर्यंत. जाडी कळण्यासाठी तापवलेली सुई आरपार घालून बघतात. भोक नंतर बुजवता येतं. साच्यातून निघालेल्या मेणावर जोडाची रेघ असते आणि टाके पुसट झालेले असतात. तापवलेल्या दाभणानं ते परत उठवायचे. घाई नको. मी एका बैठकीवर चार संध्याकाळी बसलो होतो. आजी बघून म्हणाली, "अरे, वाकळ अंगावर घ्यायची, तिच्यावर बसायला काय करायलास?" आणि मग दाभण माझ्या हातून घेऊन दोन ओळी तिनंच उठवल्या. माझे टाके एकसारखे होते, म्हणून खोटे दिसत होते. तिचे लहानमोठे, जरा तिरके. त्या बैठकीवरच्या त्या दोन ओळी आजही ओळखू येतात.

हे सगळं कार्तिक ते माघात उरकायचं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो आणि मेणाची बैठक रात्रीतून घमेल्यासारखी होती ती परातीसारखी होते. उन्हाळ्यात करायचीच असेल तर राळ वाढवा, पहाटे काम करा, आणि तयार मेण ओल्या पोत्यावर, शक्य तर पीओपीच्या कवचातच, पालथं ठेवा. फौंड्रीला नेतानाही पहाटेचीच गाडी. गाडीच्या डिकीत दुपारी ठेवलेलं मेण मी एकदा चमच्यानं काढलंय.

फौंड्रीत

जालना लोखंडी सळयांचं गाव. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्याकडं ओतकाम आहे, पण मुख्यतः गाड्यांच्या सुट्या भागांचं. गनमेटलचे बुश ओतणारे छोटे कारखाने मात्र जिल्ह्याजिल्ह्यात सापडतात. ते वाळूत ओततात. नुसती बैठक त्यांच्याकडं होऊ शकते, कारण घमेल्याचा आकार साच्यातून सहज सुटतो. त्यांना मेण नको, वाळूत दाबायला कडक पॅटर्न (नमुना) लागतो, पीओपी किंवा रेझिनचा. वाळूच्या कणात धागा हरवतो, टाका राहतो. पैसे कमी लागतात. धाग्याचा तंतू न तंतू पाहिजे आणि चऱ्हाटाचे पाय पाहिजेत, तर मेणाच्या मुशीत ओतणारी मूर्तिकारांची फौंड्री शोधा, ती पुण्या-मुंबईकडं असेल तरी.

ही मेणाची रीत आपल्याला परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकातला. त्याच्या मानसोल्लास या ग्रंथात मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचे लेप, मेण तोलून त्यावरून धातू ठरवणं, सगळं आलंय. ते कल्याणी म्हणजे उमरग्याच्या पलीकडचं बसवकल्याण. आजही हिशेब तसाच: मेणाच्या साडेनऊ-दहा पट ब्राँझ, आणि वर रनर-रायझरचा (मुशीत धातू आत नेणाऱ्या आणि वर भरून राहणाऱ्या वाटांचा) धातू वेगळा. म्हणून मेण जायच्या आधी घरी तोला आणि आकडा वहीत लिहा. बिल आलं की ताडून बघता येतं.

फौंड्रीवाल्यांना तीन गोष्टी बोलून घ्या. धातू यायची गेटं मागच्या बाजूला ठेवा, पुढच्या टाक्यांवर नकोत. मूस पूर्ण वाळवून, तापवून मगच ओता. ओल राहिली तर वाफेनं धातू उसळतो, हजार-अकराशे अंशाचा. आणि गेट कापल्यावर ग्राइंडर पुढच्या बाजूला लावायचा नाही, तो तुम्ही लावाल. हे तिसरं मी एकदा सांगायचं विसरलो. पोरानं मनापासून, चकचकीत, अर्धी वाकळ घासून ठेवली होती.

ब्राँझ थिजताना दीड-दोन टक्के आकसतं. ३६ सेंमीची बैठक साडेपस्तीसच्या आत येते. म्हणून पायांची भोकं मेणात पाडू नका, ओतून आल्यावर पाडा. मोठी बैठक किंवा बाक दोन-तीन तुकड्यांत ओतायची वेळ आली, तर जोड कुठं घ्यायचा हे वाकळच सांगते. ठिगळाची कड असते तिथं. वेल्डिंगची शीर त्या कडेत लपते आणि छिन्नीनं वर चार टाके मारले की कुणाला शोधूनही सापडत नाही. वेल्डिंग सिलिकॉन ब्राँझच्या काडीनं, टिग मशीनवर. पितळेची काडी लावली तर जस्ताचा पांढरा धूर निघतो, आणि त्यानं रात्री थंडीताप भरतो.

रंग

ताजं ब्राँझ गुलाबी-पिवळं असतं. गंधकाच्या क्षाराचं (लिव्हर ऑफ सल्फर म्हणून मिळतं) अगदी पातळ पाणी गरम धातूवर ब्रशनं लावलं की तपकिरी, मग काळपट होत जातं. उघड्यावर करा, हातमोजे घाला, सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून शेजाऱ्यांना आधी सांगा. एकदम गडद करू नका. पाहिजे तो रंग आला की धुवा, वाळवा, कोमट असतानाच मेणाचं पॉलिश फिरवा.

माझ्या पहिल्या तिपाईला मी असा एकसारखा काळा रंग दिला होता. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मावशी आली आणि देवाच्या भांड्यांबरोबर ती तिपाईही चिंच-मिठानं घासून लख्ख करायला घेतली. मी पोचलो तेव्हा अर्धी झाली होती. तासांचे माथे सोनेरी, टाक्यांच्या खोबणी काळ्या. वाकळ पहिल्यांदा नीट दिसली. तेव्हापासून मी रंग देऊन झाला की उंचवटे मुद्दाम बारीक स्कॉचब्राइटनं उघडे करतो. चिंच नाही वापरत, ती खोबणीतही शिरते. मावशीला अजून वाटतं की उरलेली अर्धी मी आळसानं सोडली.

पायांच्या तळाला चामड्याच्या चकत्या लावा, नाहीतर फरशीवर ओरखडे. अंगणात ठेवणार असाल तर मे महिन्यात दुपारी तिच्यावर बसायचं नाव काढू नका, पोळी भाजेल. रोजची धूळ कोरड्या फडक्यानं, वर्षातून दोनदा पॉलिश.

आणि फौंड्रीतून निघताना कापलेले रनर-रायझर मागून घ्या. धातूचे पैसे तुम्ही दिलेले असतात, आणि मागितले नाहीत तर ते पुढच्या कुणाच्या तरी मुशीत जातात. माझ्याकडं सध्या सव्वादोन किलो साठलंय, एका बाजूला गाठोडं करून ठेवलंय.